भिंगातून पाहिलेलं पाणी

जंतूंना आकार असतात हे मला कळलं, त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्याएवढं शहाणं कोणी उरलं नाही. मी सातवीत होते. दोन वेण्या, त्यांना लाल फिती, एक गुडघा कायम फुटलेला आणि तोंडाचा पट्टा उठल्यापासून निजेपर्यंत चालू. आज ती मुलगी समोर येऊन उभी राहिली तर मी तिच्या पाठीत एक धपाटा घालीन आणि मग बहुतेक तिला जवळ घेऊन बसेन. पण धपाटा आधी.

आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या पाण्याला लागून, पण वरच्या अंगाला. जुनं गाव माझ्या जन्माआधीच पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की चिखलातून जुन्या बांधांच्या रेघा वर यायच्या, आणि आई भाकरी थापता थापता दारातूनच हात करून सांगायची, "ती तितली आपली खाचरं." नजर जाईल तिथवर पाणी, आणि प्यायला मात्र गावात एक विहीर. आमच्याकडं तिला हीर म्हणत. दुसरं पाणी वरच्या झऱ्याचं. अर्ध्या तासाची चढण, कातळाच्या फटीतून करंगळीएवढी धार, खाली दगडात कोरल्यासारखा खळगा. उन्हाळ्यात बायका एवढ्या लांब जात नसत, पण त्या पाण्याची चव सगळ्यांच्या जिभेवर होती. कुणाचं पाणी गोड म्हणायचं झालं तर आमच्यात "झऱ्यावानी" म्हणत.

घरात आम्ही चौघं. वडील मी पाळण्यात असतानाच गेले. आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, त्याची बायको हौसा आणि मी. पहाटे जात्याच्या घरघरीनं जाग यायची. पुढं बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग आईचा. आईचा आवाज सुरू झाला की बाकीचे सगळे आवाज आपोआप बसायचे. नाचणीची भाकरी, वरईचा भात, फणस असेल तोवर फणसाची भाजी, आणि नसेल तेव्हा सुकट. आंबेमोहोर सणालाच शिजायचा. तो रटरटायला लागला की कुत्रीसुद्धा उंबऱ्याशी येऊन शहाण्यासारखी बसायची.

वहिनी माझ्याहून चार वर्षांनीच मोठी. तरी मी नणंद, म्हणून मला ती 'वन्सं' म्हणायची आणि मी त्या मानाचा पुरेपूर गैरफायदा घ्यायची. माझी वेणी घालायचं काम तिचं, माझ्या वाटचं शेण काढायचं कामही हळूहळू तिचंच झालं. त्याच्या बदल्यात मी तिला अक्षरं शिकवत होते. दुपारी आई पडली की चुलीतली राख पाटावर पसरायची आणि बोटानं गिरवायचं. माझ्यासारखी कडक मास्तरीण तिला उभ्या तालुक्यात मिळाली नसती. 'ह' चुकला की मी तिच्या बोटांवर चिमटा मारायची, आणि ती, घरची सून, माझ्या आईपुढं नुसती मान खाली घालणारी, मला म्हणायची, "मारा वो वन्सं, पन शिकवा." मी जे सांगीन ते तिला खरं वाटायचं. हे मला तेव्हा फार छान वाटायचं.

त्या वैशाखात खालच्या एका गावात लग्न झालं आणि वऱ्हाडाबरोबर पटकी आली. आमच्याकडं तिचं नाव घ्यायचं नाही अशी रीत. 'बाई आली' म्हणायचं. सकाळी नांगराचा फाळ घेऊन गेलेला माणूस दुपारी तिरडीवर, असं चाललं होतं. मग आरोग्य खात्याचा माणूस आला. खाकी अर्धी विजार, कातडी पेटी, तोंडात पुण्याची भाषा. त्यानं शाळेच्या पडवीत माणसांना रांगेत उभं करून दंडात सुया टोचल्या, विहिरीत पांढरी पावडर ओतली आणि बजावून सांगितलं की प्यायचं ते या विहिरीचंच, दुसरं कुठलं नाही. मी टोचून घेतलं आणि सुजलेला दंड दोन दिवस पदक मिळाल्यासारखा मिरवला. वहिनीला पाचवा महिना होता. आईनं तिला माळ्यावर कणगीच्या मागं दडवून ठेवली. "पोटुशीला सुया टोचत्यात व्हय? वंशाचा दिवा इझवाया निघाल्यात," असं म्हणून तिनं त्या माणसाला दारातूनच परतवून लावला.

त्यानं शाळेत एक रंगीत तक्ता टांगला. त्यावर जंतू. मी तोवर जंतू म्हणजे जंत समजत होते, त्यामुळं माझी फारच सोय झाली. तो छडीनं दाखवत गेला: हे गोल. यांतले काही एकटे राहतात, काही जोडीनं, काही माळेसारखे, काही घोसानं. हे काठीसारखे लांबट. हे पीळ पडलेले, फिरकीसारखे. आणि हा शेवटचा, वाकलेला, स्वल्पविरामासारखा, हा पटकीचा. तक्त्यावर प्रत्येक जंतू वांग्याएवढा होता. कुणीतरी विचारलं, "मग आमाला दिसत कसं न्हाईत?" तो म्हणाला, "मोठ्या भिंगाखाली धरले की दिसतात."

भिंग. त्याच्या मनात कुठलं यंत्र होतं ते आज मला ठाऊक आहे. पण आमच्या पंचक्रोशीत भिंग म्हणजे एकच, आमच्या मास्तरांचं. पितळी कडीचं, तळहाताएवढं. मास्तर त्यातून वर्तमानपत्र वाचायचे आणि खुशीत असले की उन्हात धरून कागदाला भोक पाडून दाखवायचे. त्याच्याहून मोठं भिंग जगात असेल अशी मला शंकासुद्धा आली नाही. शनिवारी शाळा झाडायची पाळी माझी होती. मी ते मेजाच्या खणातून उचललं आणि परकराच्या ओच्यात घातलं. चोरी नव्हे, अभ्यास. असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. दोनदा सांगावं लागलं यातच काय ते आलं.

घरी येऊन मी वहिनीला सगळे आकार शिकवले. गोल म्हणजे मोहरी. घोसाचे म्हणजे करवंदं. काठीचे म्हणजे तांदळाचा दाणा. पिळाचे म्हणजे सुंभाचा तुकडा. स्वल्पविरामाशी मात्र अडलं. एवढं लिहायला अजून शिकवलं नव्हतं.

"म्हंजी कसा वो त्यो?"

"टिंब असतंय, त्याला खाली शेपटी. वाकडी."

तिनं जरा विचार केला. "कापल्याल्या नखावानी?"

"व्हय. तस्साच."

"येवढासा? आनि मानूस मारतोय?" ती हसली. "मग आत्याबाईंस्नी का भ्यायचं वो? त्या तर केवड्या मोठ्या हायेत!" आत्याबाई म्हणजे माझी आई, तिची सासू. आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. त्या भरात मी रांगोळीचा डबा आणला आणि दोघींनी तुळशीपुढं सगळे जंतू काढले, तक्त्याप्रमाणं, ओळीनं, गोल आधी आणि मधोमध भला थोरला स्वल्पविराम. वहिनीनं त्यात हळद भरली. आई गोठ्यातून आली, बघत उभी राहिली आणि विचारलं, "ही कुटली नक्षी?" मी छाती काढून सांगितलं, "पटकीचा जंतू."

आईनं हातातल्या शेणाच्या पाटीसकट रांगोळीवर पाय घासला. "बाईला दारात बोलवून हळदी-कुंकू घालताव व्हय गं सटव्यांनो? इंदे, शाळा शिकलीस का भूत शिकलीस?" वहिनीनं मान खाली घातली. मी मात्र मनात आईची कीव करत होते. अडाणी बाई, दुसरं काय!

विहिरीचं पाणी पावडरीनं उग्र झालं होतं. भाताला वास, आंबिलीला वास. आम्ही नाक दाबून प्यायचो. वहिनीला तेही जमेना. घोट घेतला की उलटायचा. ओठ सुकून फुटले होते तिचे. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून ती मला हळूच म्हणाली, "वन्सं, ह्ये पानी घशाखाली उतरत न्हाई बगा. येकदा झऱ्याचं मिळालं तर लई बरं वाटंल. पन त्यात त्यो वाकडा नसंल ना?"

"मी बघून आनते," मी म्हणाले. माझ्याकडं भिंग होतं ना.

पहिल्या दिवशी मी झऱ्यावर बसून ओंजळीतलं पाणी भिंगाखाली धरलं. एक काळा ठिपका दिसला: गोल, एकटा. पालापाचोळ्याचा एक धागा: काठीचा. एक वळवळणारा किडा दिसला, त्याला मी बराच वेळ न्याहाळलं आणि पिळाच्यांत घातला. स्वल्पविराम एकही नाही. मी कळशी भरली, तोंडाला पळसाची पानं लावली आणि मागच्या दारानं घरात आणली. वहिनी तांब्याभर पाणी उभ्यानंच प्यायली, डोळे मिटून. मीही प्यायले. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा झऱ्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीवर दोन वाकळा वाळत घातलेल्या होत्या. ओल्याच होत्या, खालच्या दगडांवर पाणी ठिबकत होतं, तिथून ओघळ खळग्याकडं येत होता. मी त्या वाकळा पाहिल्या. मी त्यांच्याखाली वाकून करवंदंसुद्धा खाल्ली, हात काळे होईतो. मग पाण्याशी बसले आणि भिंग डोळ्याला लावलं. आमच्याच वाडीतल्या एका घरात कर्ता माणूस आजारी होता. पौडला रोग्यांच्या छावणीत हलवतील म्हणून त्यांनी तो लपवला होता आणि त्याची घाण झालेली अंथरुणं त्याच्या बायकोनं इतक्या वर आणून, कुणी बघू नये म्हणून, झऱ्याच्याच पाण्यात धुतली होती. हे नंतर कळलं. पण वाळत घातलेल्या वाकळा तर तेव्हाच डोळ्यांपुढं होत्या. गावात पटकी असताना एवढ्या लांब येऊन वाकळा कोण धुतं, हा प्रश्न माझ्या अडाणी आईलाही पडला असता. मला पडला नाही. मी वाकडी शेपटी शोधत होते. ती सापडली नाही. मी कळशी भरली.

माझी नात पुण्यात जंतूंचाच अभ्यास करते. मागं एकदा मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं की पटकीचा जंतू साध्या भिंगातून दिसेल का गं. ती हसून म्हणाली, "आज्जी, हजारपट मोठा करावा लागतो. आणि दर वेळी तो वाकडाच असतो असंही नाही, कधी कधी सरळ काठीसारखाही दिसतो. नुसत्या रूपावरून ओळखायला गेलं तर फसायला होतं." मी म्हणाले, "असं होय," आणि तिच्यासाठी चहा टाकायला उठले. बराच वेळ उकळला तो चहा.

दोन दिवसांनी पहाटे जातं अर्ध्यात थांबलं. वहिनी परसात गेली, आली, पुन्हा गेली. उन्हं वर येईतो तिला उठवेना. तांदळाच्या धुवणासारखं पाणी तिच्यातून वाहत होतं. डोळे खोल गेले, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली, पायात गोळे येऊन ती कळवळायची. दादा आरोग्यवाल्याला शोधायला शेजारच्या गावी पळत गेला. तोवर ती एकच मागत होती. पाणी. आणि पाणी द्यायचं नाही अशी समजूत होती, दिलं की जुलाब वाढतात म्हणून. आई ओलं फडकं तिच्या ओठांना लावत होती. मध्येच आई बाहेर गेली, तेव्हा वहिनीनं माझा हात धरला. आवाज पार बसला होता. "वन्सं, घोटभर." तांब्या माझ्या हाताशी होता. मी दिला नाही. मारणारं पाणी मी तिला तीन दिवस आणून पाजलं, आणि ज्या पाण्यानं कदाचित ती तगली असती त्याचा घोटही दिला नाही. मीठ-साखरेचं पाणी आता अंगणवाडीतली पोरगीसुद्धा करून दाखवते.

आरोग्यवाला आला, त्यानं नाडी बघितली. म्हणाला, शिरेतून पाणी चढवावं लागेल, ते पौडला मिळेल, डोली करा. दादा डोलीची माणसं जमवायला धावला. आरोग्यवाल्यानं वही काढून वहिनीला विचारलं, "बाई, पाणी कुठलं प्यायलात?" मी दाराच्या फळीला टेकून उभी होते. वहिनीनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "हिरीचंच."

त्यानं तसं लिहून घेतलं आणि विहिरीत आणखी पावडर टाकायला गेला. डोली दारात आली तेव्हा ती गेलेली होती. ऊन अजून अंगणात होतं.

बायका जमल्या. शेवटची आंघोळ घालायला पाणी हवं होतं. शेजारच्या सोनाकाकू म्हणाल्या, "पोरगी त्या घान पान्याला इटली व्हती. आता जाताना तरी चांगल्या पान्यानं न्हाऊ घाला. चला गं, झऱ्याचं आनू." दोघी-तिघींनी हंडे उचलले. त्यांच्या कडेवर लेकरं होती, आणि घसे त्यांचेही सुकलेले होते. मी आईचा पदर धरला आणि तिला गोठ्यात ओढलं.

"आय, झऱ्याचं नगं."

"का?"

"तेच प्यालीया ती. मी आनून दिलं."

मी भिंग काढून दाखवलं, का ते देव जाणे. जणू त्यानं काही सिद्ध होणार होतं. तिनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत माझ्या हातात दिलं.

"कुनाला बोल्लीस?"

"न्हाई."

"दादाला?"

"न्हाई."

"मग आता बोलू बी नगंस. कधीच."

ती अंगणात गेली. बायका हंडे घेऊन निघालेल्या. आईनं अंबाडा सोडला, केस मोकळे टाकले आणि घुमायला लागली. माझ्या आईच्या अंगात जन्मात कधी आलं नव्हतं. अंगात येणाऱ्या बायांची ती नक्कल करून आम्हाला हसवायची. ती आता दात खात, मान गरागरा फिरवत ओरडत होती, "झऱ्यावर मी बसलीया! माज्या पान्याला हात लावाल तर घर इझवीन! पोरींनी दारात माजी रांगोळी घातली, म्हनून आले मी! येकीला घेऊन बसले!" बायकांचे हंडे तिथल्या तिथं खाली आले. सोनाकाकूंनी जमिनीला डोकं टेकलं. घुमता घुमता आईचं तोंड एकदा माझ्याकडं वळलं. डोळे अगदी स्वच्छ होते. भाकरी करपली का ते बघतानाचे होते.

संध्याकाळच्या आत पुरुषांनी झऱ्याभोवती काट्या घातल्या, एका दगडाला शेंदूर फासून ठेवला. पाऊस पडेपर्यंत तिकडं कुणी फिरकलं नाही. आमच्या वाडीत त्यानंतर पटकीनं एकही माणूस गेलं नाही. दोन दिवसांनी आरोग्यवाल्यानं तो दगड पाहिला आणि मास्तरांना म्हणाला, "बघा, विज्ञान शिकवून काय उपयोग? यांना देवीच लागते." मी भिंग खणात परत ठेवायला गेले होते, तेव्हा माझ्यादेखतच हसले दोघं. मास्तर मला म्हणाले, "इंदू, तू तरी आईला समजाव." मी मान डोलावली.

दादानं मला जवळ बसवून सांगितलं, "रांगोळीचं मनाला लावून घिऊ नगंस. पोरी तुमी. तुमाला काय कळतंय?" त्यानं मला तिथल्या तिथं माफ केलं. ज्याची माफी हवी होती ते त्याला माहीतच नव्हतं, आणि मी त्याचा हात सोडला नाही. आईनं माझ्यावरचा मोठा गुन्हा उचलून त्या जागी एक छोटा ठेवला होता. मी त्याच्या सावलीत वाढले, शिकले, लग्न करून गेले. आईपाशीही तो विषय पुन्हा निघाला नाही. तिला मी अडाणी म्हणायचंही सोडून दिलं, एवढीच काय ती माझी प्रगती.

दादानं पुढं दुसरं लग्न केलं, मुलंबाळं झाली. पण दर वैशाखात तो नारळ घेऊन झऱ्यावर जायचा, आणि मी माहेरी असले की मलाही न्यायचा. शेवटचे गेलो तेव्हा त्याचे गुडघे पार गेले होते. तिकडं आता कुणाच्या तरी रिसॉर्टचा डांबरी रस्ता आहे. वळणापर्यंत गाडीनं गेलो, पुढं मी त्याला हाताला धरून नेलं. दगडावर पत्र्याची शेड आलीय, फरशी बसवलीय. तो धापा टाकत टेकला आणि म्हणाला, "तुला आठवती का गं हौसा?" इतक्या वर्षांत त्यानं माझ्यापुढं तिचं नाव घेतलं नव्हतं.

"आठवती की."

"मी दरसाली ह्या बाईला येकच इचारतो. येवड्याशा रांगोळीपायी दोन जीव न्हेलंस? काय बोलत न्हाई. लई कडक हाय."

माझं तोंड उघडलं होतं. सगळं जिभेवर आलं होतं: कळशी, वाकळा, 'हिरीचंच'. त्यानं हात पुढं केला, "नारळ दे." मी दिला. त्याच्या हातात जोर नव्हता, तिसऱ्या दणक्याला फुटला. त्यानं पाणी दगडावर वाहिलं, हात जोडले आणि पुटपुटला, "माज्या इंदीला संबाळ." मग पहिला तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. तो त्याच हिवाळ्यात गेला, म्हणून आता लिहिते आहे. तो हयात असता तर हेही लिहिलं नसतं. तो तुकडा मी त्याच्यासमोर खाल्ला.